पट्टा धरणाऱ्याच्या मनातलं

घरफोडीच्या बातमीचा शेवट मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं ठरलेला आहे. ठसेतज्ज्ञ येऊन गेले, श्वानपथकाला पाचारण करण्यात आलं, श्वान मुख्य रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं. चोरटे पुढे वाहनातून पसार झाले असावेत, असा पोलिसांचा कयास. हे इतक्या वेळा छापून आलंय की आता कुणी वाचतही नाही. एक गोष्ट मात्र त्या बातमीत कधीच नसते. पट्टा कुणाच्या हातात होता आणि त्याची त्या वेळची मनःस्थिती काय होती? तो रात्रपाळी उरकून तसाच आला होता का? मागे साहेब घड्याळ बघत उभे होते का? पलीकडच्या गल्लीतल्या एखाद्या पोरावर गावाचा आधीच डोळा होता, आणि ती कुजबुज त्याच्याही कानावर आली होती का?

हा प्रश्न नसत्या चौकशीचा वाटेल, पण तो फार कामाचा आहे. कामावरचा कुत्रा एकाच वेळी दोन माग काढत असतो. एक, ज्याचा हुकूम मिळालाय त्याचा. दुसरा, हुकूम देणाऱ्या माणसाचा. पहिल्याचं आपण कौतुक करतो, दुसऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी या दुसऱ्या मागाचा बऱ्यापैकी उलगडा केला आहे, आणि त्यातून श्वानपथकांसाठी काही अडचणीचे निष्कर्षही निघाले आहेत.

सुरुवात नाकापासूनच करायला हवी. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात जातीनुसार त्याच्या वीस ते पन्नास पट, असं साधारणपणे मानलं जातं. या नाकाला स्फोटकं, गांजा, रक्त, हरवलेल्या माणसाचा शर्ट कळतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला समोरच्या माणसाचा ताणही कळतो का? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याचं उत्तर देतो. त्यांनी माणसांना एक छळवादी गणित घातलं. ९०००पासून सुरुवात करून दर वेळी १७ वजा करत मोठ्याने उलटं मोजत जायचं. समोर परीक्षक बसलेला. चुकलं की तो तोंडावर सांगणार. गणिताच्या आधी आणि लगेच नंतर प्रत्येकाचा घाम आणि श्वास यांचे नमुने घेतले. ज्यांची नाडी आणि रक्तदाब खरोखर वाढले होते, अशा ३६ जणांचेच नमुने पुढे वापरले. मग चार पाळीव कुत्र्यांपुढे हे नमुने मांडले. ताणाआधीचा नमुना आणि ताणानंतरचा नमुना एकाच माणसाचे होते, मधे अंतर काही मिनिटांचं. सोबत एक कोरं कापड. ताणाचा नमुना कुठला, हे कुत्र्याने दाखवायचं. ७२० वेळा विचारलं, ६७५ वेळा उत्तर बरोबर आलं.

दोन्ही नमुने एकाच माणसाचे असल्यामुळे कुत्रा 'हा माणूस वेगळा' असं सांगत नव्हता. तो सांगत होता, की हा माणूस मघाशी होता तसा आता राहिलेला नाही. चेहरा समोर नाही, आवाज नाही, अंगविक्षेप नाहीत. होता तो फक्त एक कापडाचा तुकडा.

ताण ओळखता येणं निराळं आणि त्याने स्वतः बदलणं निराळं. इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी २०१८मध्ये नेमकं हे दुसरं तपासलं. काही पुरुषांना 'द शायनिंग' हा अंगावर काटा आणणारा चित्रपट दाखवला, आणि वेगळ्या वेळी 'द जंगल बुक', आपल्या मोगली-बघीराचा. दोन्ही वेळचा घाम गोळा केला आणि लॅब्रॅडॉर व गोल्डन रिट्रीव्हर जातींच्या ४० कुत्र्यांना तो हुंगायला मिळेल अशी सोय केली. खोलीत कुत्र्याचा मालक होता आणि एक अनोळखी माणूसही होता. आनंदाच्या घामाचा वास असताना कुत्री अनोळखी माणसाकडे जास्त जात होती. भीतीच्या घामाचा वास आला की मालकाला चिकटत होती आणि त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत होते. घाम मालकाचा नव्हता, त्या अनोळखी माणसाचाही नव्हता. तो तिसऱ्याच कुणाचा होता, तरी भीती पोहोचली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२४च्या प्रयोगात तर याच्याही पुढचं दिसलं. एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागी ठेवलेलं रिकामं असतं, हे १८ कुत्र्यांना आधी शिकवलं आणि मग भांडं अधल्यामधल्या जागी ठेवलं. खोलीत ताणलेल्या अनोळखी माणसाचा वास असला, की रिकाम्या जागेच्या जवळ ठेवलेल्या भांड्याकडे कुत्री जायला टाळाटाळ करू लागली. जणू त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं, की तिथे काही नसणार.

आता हे फलाटावरच्या श्वानपथकाला लावून बघा. शोध म्हणजे शेकडो रिकाम्या जागा हुंगायच्या, या आशेवर की पुढच्या बॅगेत काहीतरी असेल. आशा गेली की शोधही ढेपाळतो. पोलिसाला चेहरा निर्विकार ठेवायला शिकवता येतं, आणि शिकवलंही जातं. घामाला कोण कवायत शिकवणार?

डोळे आणि कान यांचा मामला त्या मानाने लवकर सांगून होतो. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं, की कुत्र्याला माणसाचा अर्धाच चेहरा दाखवला तरी तो हसरा आणि रागीट यांत फरक करायला शिकतो, आणि ते ज्ञान न पाहिलेल्या चेहऱ्यांना लावतो. बुडापेस्टच्या ओट्व्हॉश लोरांड विद्यापीठात १३ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निपचित पडून राहायला शिकवलं (हे शिकवणाऱ्यांच्या चिकाटीला खरं तर वेगळं बक्षीस द्यायला हवं) आणि त्यांना त्यांच्या ओळखीच्या प्रशिक्षिकेचे शब्द ऐकवले. कौतुकाचा शब्द सपाट स्वरात, निरर्थक शब्द लाडाच्या स्वरात, अशा सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. मेंदूतलं सुखाचं केंद्र जास्त उजळलं ते शब्दही कौतुकाचा आणि स्वरही कौतुकाचा असताना. दमलेल्या हँडलरने, म्हणजे पट्टा धरणाऱ्या माणसाने, यांत्रिकपणे टाकलेलं 'शाब्बास' कुत्र्याच्या हिशेबात पगारात धरलं जात नाही, असा याचा सरळ अर्थ. आणि कामावरच्या कुत्र्याचा पगार म्हणजे काय? एक चेंडू आणि एक आवाज.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्वानपथकांच्या जगात त्यावरून अजूनही वाद होतात. एका चर्चच्या चार खोल्या घेतल्या. अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणाऱ्या कामावरच्या १८ जोड्या, म्हणजे एक हँडलर आणि त्याचा कुत्रा, बोलावल्या. हँडलरना सांगितलं, की खोल्यांत माल लपवलेला असू शकतो, आणि काही ठिकाणी लाल कागद लावून जागा दाखवलेली आहे. प्रत्यक्षात कुठल्याच खोलीत काहीही नव्हतं. एका खोलीत काहीच नाही. दुसरीत नुसता लाल कागद. तिसरीत कुत्र्याला मोहात पाडायला सॉसेज आणि चेंडू लपवलेले. चौथीत कागदही आणि त्याच जागी सॉसेज-चेंडूही. प्रत्येक जोडीने प्रत्येक खोली दोनदा तपासली. असे १४४ शोध झाले. बरोबर उत्तर सगळीकडे एकच होतं: 'काही नाही'. ते उत्तर फक्त २१ शोधांत आलं. उरलेल्या १२३ शोधांत हँडलरनी सांगितलं, की कुत्र्याने माल दाखवला.

खरा धक्का पुढे आहे. कुत्र्यांना कशाने जास्त फसवलं? सॉसेज आणि चेंडू यांनी फसवलं असतं तर समजण्यासारखं होतं, कुत्रा शेवटी कुत्राच. पण लाल कागद लावलेल्या जागी खोटे इशारे जास्त आले. तो कागद कुत्र्यासाठी नव्हताच. त्याचा अर्थ फक्त माणसाला ठाऊक होता.

हे कसं घडतं, ते जरा जवळून पाहू. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला सापडल्यावर भुंकायला किंवा पंजा मारायला शिकवत नाहीत, कारण उघड आहे. तो गपचूप बसतो. बसणं हाच त्याचा इशारा. बॅगांच्या रांगेजवळून जोडी चालली आहे. हँडलर प्रत्येक बॅगेकडे हात दाखवतो, कुत्रा हुंगतो, पुढे सरकतो. चाल एकसारखी. मग एक बॅग येते जिच्याबद्दल हँडलरला संशय आहे. तो तिथे मुद्दाम थांबत नाही. फक्त पाऊल किंचित आखूड पडतं, खांदा त्या बाजूला वळतो, श्वास अर्धा क्षण अडतो आणि पट्ट्याचा ताण बदलतो. त्याला स्वतःला यातलं काहीही जाणवत नाही. कुत्र्याला सगळं जाणवतं. प्रशिक्षणाच्या महिन्यांत त्याने हे असंख्य वेळा अनुभवलेलं असतं, कारण तेव्हा माल कुठे ठेवलाय हे हँडलरला माहीत असायचं. योग्य डब्याजवळ आलं की याचं पाऊल आखूड पडायचं, आपण बसलो की चेंडू मिळायचा. नाकाने सांगितलेलं आणि पट्ट्याने सांगितलेलं, दोन्हींवर चेंडू मिळत गेला. मग नाक काही सांगत नसताना नुसतं पट्ट्याचं ऐकून तो बसला, तर त्याने लबाडी केली असं म्हणता येणार नाही. त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे बर्लिनचा हान्स घोडा आठवेल. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्या करून दाखवायचा. १९०४मध्ये त्याची चौकशी करायला समितीसुद्धा नेमली गेली आणि तिला यात लबाडी सापडली नाही. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने नंतर कोडं सोडवलं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की घोडा नापास व्हायचा. विचारणारे लोक बरोबर आकडा आला की नकळत डोकं किंचित वर करायचे आणि घोडा तिथे थांबायचा. युक्ती कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःच्या मानेची ती हालचाल रोखणं जड गेलं. हान्सची गोष्ट सहसा घोड्याचं बिंग फुटलं अशा थाटात सांगतात. मला ती उलटी वाटते. गणित न येणाऱ्या जनावराला माणसांच्या अंगातली केसभर हालचाल वाचता येत होती, आणि एवढे हुशार लोक स्वतःची मान वाचू शकत नव्हते.

आपल्या न्यायालयांना हा धोका प्रयोगशाळांच्या आधी दिसला होता. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसी कुत्र्याच्या पुराव्याचा ऊहापोह केला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याचं म्हणणं त्याच्यासोबतच्या माणसालाच सांगावं लागतं. शिवाय माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवू नये, असाही आक्षेप तिथे नोंदवला आहे. त्यामुळे कुत्र्याने दाखवलेला माग तपासाला दिशा देतो, पण केवळ त्याच्या जोरावर शिक्षा होत नाही. डेव्हिसचा प्रयोग वाचल्यावर ही सावधगिरी आणखी पटते. कुत्रा आरोपीसमोर जाऊन बसला, हे खरं असेल. तो आरोपीच्या वासाने बसला की हँडलरच्या मनातल्या नावाने, हे निव्वळ पाहून सांगता येत नाही.

म्हणून श्वानपथकं निरुपयोगी ठरतात का? अजिबात नाही. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडॉरने शोधून दिलेल्या आरडीएक्सची नोंद ३,३२९ किलो आहे. पुण्यात प्रशिक्षण घेतलेला हा कुत्रा २०००मध्ये हाडाच्या कर्करोगाने गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. आरडीएक्स काही कुणाच्या मनःस्थितीतून निघत नाही. ते नाकानेच सापडतं. पण ते नाक चालवणारा माणूस सोबत लागतो, आणि त्या दोघांचं मेतकूट जमावं म्हणूनच कुत्र्याला ठरावीक हँडलर दिले जातात, रोज नवा माणूस देत नाहीत. माणसाला वाचण्याची जी खोड लाल कागदाजवळ फसवते, तीच खोड ढिगाऱ्यात, धुरात, गोंगाटात एका हाताच्या इशाऱ्यावर कुत्र्याला वळवते. एक ठेवून दुसरी काढून टाकता येणार नाही.

हे मेतकूट किती खोल जातं, त्याचा अंदाज स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासावरून येतो. बॉर्डर कोली आणि शेटलंड शीपडॉग या मेंढ्या राखणाऱ्या जातींची ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. केसात ते साठत जातं, त्यामुळे केस म्हणजे काही महिन्यांच्या ताणाची वहीच. मालकिणीची पातळी चढी तर कुत्र्याचीही चढी, असा मेळ दिसला. त्याच गटाने पुढे शिकारी आणि प्राचीन मानल्या जाणाऱ्या जाती तपासल्या तेव्हा असा मेळ मिळाला नाही. माणसाकडे बघत काम करण्यासाठी ज्यांची निपज पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली, त्यांनाच माणसाचा दीर्घकाळचा ताण बाधतो, असं यावरून म्हणता येईल. धनगराच्या वाड्यावरचा, लांडग्यावर धावून जाणारा, मालकाकडे ढुंकूनही न बघता रात्र काढणारा कुत्रा या मापात कुठे बसेल, हे कुणीतरी आपल्याकडे तपासायला हवं.

ताण पोहोचतो म्हणून तो कायम घातच करतो, असंही नाही. इस्रायलमधल्या एका अभ्यासात ताण दिलेल्या हँडलरांचं स्वतःचं लक्ष विस्कटलं, पण त्यांच्या कुत्र्यांनी स्फोटकं उलट लवकर शोधली. अमेरिकेतल्या २०१८च्या एका प्रयोगात मालक पारदर्शक दाराआड बसून रडायचं नाटक करत होते, दार कुत्र्याने ढकललं की उघडत होतं. रडणं ऐकून जी कुत्री दार उघडून आत गेली, ती वेगाने गेली. जी गेली नाहीत, त्यांना काळजी नव्हती असं नाही. त्यांच्यातच ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. ती इतकी कासावीस झाली, की जागची हललीच नाहीत. कामाचा कुत्रा निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: दुसऱ्याचं दुःख झटकन पकडणारा कुत्रा हवाच, पण ते पकडल्यावर पाय चालणारा हवा.

बचावपथकांत याचा रोज अनुभव येतो. फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या कुत्र्यांनी नुरदाई इथे ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीची जागा दाखवली. असे क्षण थोडे. बहुतेक तास काहीच सापडत नाही, किंवा सापडतात ती प्रेतं. अशा वेळी पथकातलाच एखादा माणूस मुद्दाम लपतो, कुत्र्याला तो 'शोधू' देतात आणि मग चेंडू, शाब्बासकी, आरडाओरडा होतो. कुत्री प्रेतं पाहून खचतात, असं यावर भाबडेपणाने सांगितलं जातं. माझ्या मते त्यातला मोठा भाग हँडलरच्या खचण्याचा आहे. लपलेला माणूस सापडल्यावर सगळेच जण खरोखर हसतात, आणि त्या दिवसात कुत्र्याला मिळालेला तो पहिला अस्सल हसरा आवाज असतो.

उलट दिशेनेही, म्हणजे माणसाने कुत्र्याला वाचतानाही, गफलत होतेच. बिघडलेल्या कामानंतर कान पाडून, नजर चुकवून उभा राहिलेला कुत्रा पाहिला की 'त्याला कळलंय काय केलंय ते' असं म्हणायची पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये हे १४ कुत्र्यांवर तपासलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याच्याशी त्या 'अपराधी' चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की तो चेहरा यायचा. ज्यांनी खाऊ खाल्लाच नव्हता, अशा कुत्र्यांना ओरडा बसला तेव्हा तो सर्वांत ठळक दिसला. हँडलरने चुकीच्या इशाऱ्यावर कुत्र्याला दटावलं, तर कुत्रा चूक दुरुस्त करायला शिकत नाही. तो हँडलरचा राग ओळखायला शिकतो, आणि ते त्याला आधीच छान येत असतं.

हँडलरच्या मनातलं कुत्र्यापर्यंत पोहोचण्यावरचा उपाय साधा आहे, अमलात आणायला कंटाळवाणा. सरावात माल कुठे आहे हे हँडलरला माहीत नसावं. जो त्याची परीक्षा घेतो, त्यालाही माहीत नसावं, नाहीतर तोच नकळत मान वर करेल. बऱ्याच फेऱ्यांत माल नसावाच, आणि 'काही नाही' हे उत्तर दिल्याबद्दलही कुत्र्याला चेंडू मिळावा. तपासाच्या वेळी संशयिताचं नाव, गावातली कुजबुज, साहेबांचा अंदाज यांतलं काहीही पट्टा धरणाऱ्याच्या कानावर आधी जाऊ नये. आणि सलग पाळ्या करून दमलेल्या माणसाच्या हाती कुत्रा देऊ नये. हे शेवटचं कलम अमलात आणायला नवी यंत्रसामग्री लागत नाही, फक्त मनुष्यबळ लागतं. नेमकं तेच आपल्याकडे सर्वांत अवघड असतं.

तुमच्या-आमच्या हाती एवढंच आहे. गणपतीत मंडपाबाहेर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर किंवा एसटी स्टँडवर श्वानपथक काम करताना दिसलं, तर कुत्र्याला 'छू छू' करू नका, बिस्कीट पुढे धरू नका, मोबाइल घेऊन त्याच्या तोंडासमोर जाऊ नका. तुमची बॅग हुंगायला तो आला तर बॅग खाली ठेवा, शांत उभे राहा आणि हँडलरला त्याचं काम करू द्या. मुलांनाही हे सांगून ठेवा.